४-एचएनई : खवट तेलात आणि आपल्या पेशींत तयार होणाऱ्या अल्डिहाइडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं लॅबमध्ये या एकाच रेणूवर काम केलंय, आता कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. घरच्या ग्रुपवर "तेलातलं विष" वगैरे व्हिडिओ फिरायला लागल्यापासून मावशी, शेजारच्या काकू, वर्गातली मुलं सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं एका ठिकाणी लिहून काढलं. जे पक्कं माहितीये तेवढंच लिहिलंय.

हे ४-एचएनई म्हणजे नक्की काय?

पूर्ण नाव फोर-हायड्रॉक्सीनोनेनल. रेणू अगदी लहान, नऊ कार्बनची एक शेपटी, सोबत सोळा हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन, बस. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन असतात, त्यावरून अंदाज घ्या. या शेपटीच्या एका टोकाला अल्डिहाइड (कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा चटकन जुळणारा गट), त्याला लागूनच एक डबल बाँड आणि त्याच्या शेजारच्या, म्हणजे चौथ्या कार्बनवर एक ओएच. हे तिघं शेजारी शेजारी बसल्यामुळे हा रेणू कमालीचा चिकट होतो, समोर प्रोटीन दिसलं की जाऊन चिकटणार. त्यात तो तेलात सहज विरघळतो आणि पाण्यातही थोडाफार, त्यामुळे एका पेशीत तयार झाला की पेशीचं आवरण ओलांडून बाजूच्या पेशीत जायला त्याला काही अडचण येत नाही. मूळ फ्री रॅडिकल (जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असलेले उतावळे रेणू) जन्मतात तिथेच क्षणात संपतात, हा मात्र लांब जाऊन त्रास देऊ शकतो, आणि शास्त्रज्ञांना त्यात एवढा रस आहे तो यामुळेच.

फॅटी अल्डिहाइड म्हणजे सगळी वाईटच का?

अजिबात नाही. कोथिंबीर निवडताना बोटांना जो वास लागतो तो डेकॅनल, डेकेनल अशा फॅटी अल्डिहाइडचाच. काकडी चिरल्यावरचा ताजा वास नोनाडायनलचा. आणि ढेकणाचा तो ओळखीचा घाण वास, तोही अल्डिहाइडचाच बरं का. नोनॅनल नावाचं अल्डिहाइड माणसाच्या अंगातून निघतं आणि क्युलेक्स डास त्याच्या वासावर माणूस शोधतात, हे २००९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं. वय वाढलं की अंगाला येणाऱ्या विशिष्ट वासात टू-नोनेनल असतं, ते जपानमधल्या २००१ च्या अभ्यासातून कळलं. नावं ऐकायला सारखी, कार्बनही जवळपास तेवढेच, पण काम पूर्ण वेगळं. म्हणून कुठे "नोनेनल" वाचलं की लगेच घाबरू नका, आधी त्याच्या अलीकडचे शब्द नीट बघा.

शरीरात हे तयार कसं होतं? मी तर तळलेलं खातच नाही.

तळलेलं नाही खाल्लं तरी होतं, आत्ता हे वाचताना तुमच्या शरीरात होतंय आणि माझ्याही.

आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण फॅटचं असतं, आणि त्यात ओमेगा-६ प्रकारची फॅटी ॲसिड असतात, मुख्य दोन म्हणजे लिनोलेइक आणि ॲराकिडोनिक. यांच्या साखळीत दोन डबल बाँडच्या मधोमध एक कार्बन असतो आणि त्याच्यावरचा हायड्रोजन फार सैल बसलेला असतो. एखादा फ्री रॅडिकल आला की तो हायड्रोजन ओढून नेतो. मी वर्गात हे पाठशिवणीच्या खेळावरून सांगते. ज्याच्यावर राज्य आलंय तो धावत जाऊन दुसऱ्याला शिवतो, शिवलं की राज्य त्याच्यावर, मग तो तिसऱ्याला शिवतो, आणि खेळ चालूच राहतो. इथे राज्य म्हणजे ती रॅडिकलपणाची अवस्था. हायड्रोजन गेलेल्या फॅटी ॲसिडला ऑक्सिजन चिकटतो, ते शेजारच्याचा हायड्रोजन ओढतं, शेजारचं पुढच्याचा, आणि असं करत अख्खा पट्टाच्या पट्टा खराब होत जातो. याला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात. ऑक्सिजन लागलेल्या या साखळ्या टिकाऊ नसतात, त्या तुटतात, आणि ओमेगा-६ ची साखळी तुटली की जे तुकडे पडतात त्यातला एक म्हणजे आपलं ४-एचएनई. ओमेगा-३ तुटलं तर त्याचा सहा कार्बनचा भाऊ मिळतो, ४-एचएचई.

आणि व्हिटॅमिन ई कुठे येतं यात? ते म्हणजे खेळातलं असं पोरगं की राज्य आलं तरी कोणाच्या मागे धावतच नाही, गप खाली बसतं. खेळ तिथेच थांबतो. नंतर व्हिटॅमिन सी येऊन त्याला पुन्हा उभं करतं.

याचा शोध कोणी लावला?

ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात १९६० च्या दशकापासून हवेत खराब झालेल्या तेलांमधल्या अल्डिहाइडवर काम चालू होतं, हर्मान एस्टरबाउअर हे तिथलेच. पुढे १९८० मध्ये इटलीतल्या सिएनाच्या बेनेडेट्टी आणि कोम्पोर्टी यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की लिव्हरच्या पेशींमधल्या फॅटचं पेरॉक्सिडेशन झालं की त्यातून निघणारा पेशींना मारणारा पदार्थ हाच आहे. १९९१ साली एस्टरबाउअर यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला मोठा आढावा लेख आजही या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा वाचायला देतात, मलाही गाइडनी तोच हातात ठेवला होता.

प्रोटीनला चिकटतं म्हणजे नेमकं काय होतं?

प्रोटीनमधली सिस्टीन, हिस्टिडीन आणि लायसीन ही तीन अमिनो ॲसिड याची आवडती. तिथे ते जे बसतं ते बहुतेक वेळा कायमचं. आता ते प्रोटीन जर एन्झाइम असेल आणि सिस्टीन नेमकं त्याच्या कामाच्या जागी असेल तर एन्झाइम बंद. पेशीच्या आवरणातला पंप असेल तर पंप अडकला.

मी हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते मायक्रोस्कोपखाली. जपानमध्ये कोजी उचिदा आणि इतर संशोधकांनी एचएनई चिकटलेली प्रोटीन ओळखणाऱ्या अँटिबॉडी तयार केल्यात, त्या वापरून स्लाइड रंगवायची. जिथे एचएनई चिकटलंय तिथे तपकिरी रंग येतो, बाकी पेशींची केंद्रं निळसर. निरोगी लिव्हरची स्लाइड जवळजवळ सगळी निळी आणि दारू पाजलेल्या उंदराच्या लिव्हरमध्ये मधल्या शिरेभोवती तपकिरी कडं, चहाचा कप ठेवल्यावर टेबलावर उमटतं ना, तसं. त्या दिवशी मी ती स्लाइड काढून परत लावली, परत काढली, तीन-चार वेळा. कागदावर वाचलेली गोष्ट अशी समोर दिसली की मग ती विसरता येत नाही.

मग शरीर याचं काही करत नाही का?

करतं, आणि फार चांगलं करतं, हे व्हिडिओवाले सांगतच नाहीत याचं मला वाईट वाटतं.

पेशीत एचएनई आलं की काही मिनिटांत त्याचा बराचसा भाग निकामी होतो. तीन मुख्य वाटा आहेत. एक, ग्लुटाथायोनला, म्हणजे पेशीतल्याच एका लहान संरक्षक रेणूला, जोडून टाकणं, हे काम जीएसटीए-फोर नावाचं एन्झाइम फार वेगाने करतं. दोन, अल्डिहाइडचं ॲसिड करून टाकणं, ते एएलडीएच-टू हे एन्झाइम करतं. तीन, अल्डिहाइडचं अल्कोहोल करणं. शेवटी हे सगळं धुऊन-पुसून लघवीतून बाहेर जातं, आणि लघवीतला तो शेवटचा पदार्थ मोजून शरीरात किती पेरॉक्सिडेशन चाललंय याचा अंदाज संशोधनात घेतातही.

यातलं एएलडीएच-टू जरा नीट समजून घ्या कारण तिथे गोष्ट थेट माणसांपर्यंत येते. दारू प्यायल्यावर जे ॲसिटाल्डिहाइड तयार होतं ते हेच एन्झाइम साफ करतं. चीन, जपान, कोरिया, तैवान इथल्या खूप लोकांमध्ये, साधारण तीनातल्या एकात, याचं जीन बदललेलं असतं, एन्झाइम नीट चालत नाही, आणि एक पेग घेतला की चेहरा लाल होतो. जगभरात अशी सुमारे ५४ कोटी माणसं आहेत. याच एन्झाइमकडे एचएनईचंही काम असल्यामुळे या लोकांच्या हृदयाचा आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा अभ्यास वेगळा करावा लागतो. २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या डारिया मोक्ली-रोझेन यांच्या गटाने अल्डा-वन नावाचा पदार्थ शोधला जो या एन्झाइमला जोर देतो, आणि तो आधी दिलेल्या उंदरांमध्ये हार्ट अटॅकसारख्या स्थितीत हृदयाचं नुकसान ६० टक्क्यांनी कमी झालं. उंदरांमध्ये, हे लक्षात ठेवा. दुकानात मिळणारी गोळी नाहीये ती.

म्हणजे एचएनई शून्य असलेलं बरं?

मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. पण नाही.

थोडं एचएनई पेशीला धोक्याची घंटा म्हणून लागतं. पेशीत कीप-वन नावाचं प्रोटीन असतं, त्याने एनआरएफ-टू नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला धरून ठेवलेलं असतं. एचएनई येऊन कीप-वनच्या सिस्टीनला चिकटलं की पकड सुटते, एनआरएफ-टू केंद्रात जातं आणि ग्लुटाथायोन बनवणारी, विषारी पदार्थ साफ करणारी जीन्स एकदम चालू करतं. म्हणजे ज्याच्यामुळे धोका तोच संरक्षण जागं करतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने जीएसटीए-फोरचं जीनच काढून टाकलेल्या उंदरांबद्दल लिहिलं. एचएनई साफ करणारं मुख्य एन्झाइम नाही म्हटल्यावर ती लवकर मरतील असं कोणालाही वाटेल, पण ती साध्या उंदरांपेक्षा जास्त जगली, आणि त्याचं कारण बहुधा हेच की त्यांची संरक्षणाची यंत्रणा कायम थोडी जागी राहिली.

सगळा मामला प्रमाणाचा आहे. निरोगी माणसाच्या रक्तात ते साधारण १ मायक्रोमोलरच्या (द्रवात पदार्थ किती दाट आहे हे मोजायचं एक लहान एकक) आतच असतं. लॅबमध्ये पेशींना १० मायक्रोमोलरच्या वर द्यायला लागलं की त्या त्रासात येतात आणि त्याच्याही बऱ्याच वर गेलं की मरतात.

अल्झायमर, पार्किन्सन यांच्याशी काय संबंध?

माझ्या मावशीच्या सासूबाईंना अल्झायमर होता, त्यामुळे हा प्रश्न घरात सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मीही तो मनापासून शोधलाय.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन मात्र तो जवळजवळ २० टक्के वापरतो, शिवाय त्यात सहज खराब होणारी फॅटी ॲसिड भरपूर. म्हणजे जळायला लाकूडही आहे आणि हवाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या पोकळीतलं द्रव तपासलं आणि त्यात मोकळं एचएनई वाढलेलं सापडलं. त्याच्या आदल्या वर्षी जपानी गटाने पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतला तो भाग पाहिला जिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी या आजारात मरतात, तर तिथे उरलेल्या पेशींपैकी ५८ टक्के पेशींत एचएनई चिकटलेली प्रोटीन दिसली, आणि आजार नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण ९ टक्के होतं.

आकडे बघून वाटतं की झालं, गुन्हेगार सापडला. पण थांबा. पेशी मरायला लागली, तिच्यातलं लोह मोकळं झालं, आग लागली, की एचएनई तयार होणारच. म्हणजे ते आजारामुळेही वाढलेलं असू शकतं. धूर दिसला म्हणजे आग आहे हे नक्की, पण धुरानेच आग लावली असं म्हणता येत नाही. आणि तरीही धूर निरुपद्रवी नसतो, बंद खोलीत माणसं ज्वाळेपेक्षा धुराने जास्त गुदमरतात. एचएनईचं मला तसंच दिसतं, पहिली ठिणगी बहुतेक वेळा दुसरीकडे पडते, पण एकदा ते साचायला लागलं की पंप बंद करतं, प्रोटीनांच्या गुठळ्या करतं आणि नुकसान पुढे ढकलत नेतं.

म्हणून कोणी "एचएनईमुळे अल्झायमर होतो" असं ठामपणे सांगितलं तर त्यावर पैसे खर्च करू नका, आणि घरात कोणाला आजार झाला असेल तर "आपण त्यांना जास्त तळलेलं खायला घातलं म्हणून झालं" असं मनाला लावून घेऊ नका. मावशीने ते फार दिवस लावून घेतलं होतं.

हृदय, लिव्हर, डायबिटिस?

हृदयाचं बरंच पक्कं आहे. रक्तातल्या एलडीएलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, कणात लिनोलेइक ॲसिड भरपूर असतं, ते खराब झालं की एचएनई त्याच कणाच्या प्रोटीनला चिकटतं, मग तो कण शरीराला परका वाटतो, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी तो खातच सुटतात आणि फुगून फेसाळ होतात. ब्लॉकेजची सुरुवात अशीही होते. लिव्हरमध्ये दारूमुळे किंवा फॅटी लिव्हरमुळे ते वाढतं आणि चट्टे पाडणाऱ्या पेशींना कोलेजन बनवायला लावतं. डायबिटिस, मोतीबिंदू, सिगरेट ओढणाऱ्यांची फुप्फुसं, सगळीकडे ते वाढलेलं सापडलंय, पण तिथेही वरचाच मुद्दा लागू.

कॅन्सर होतो का यामुळे?

डीएनएला ते चिकटतं हे खरं, आणि लिव्हर कॅन्सरमध्ये पी-फिफ्टीथ्री या कॅन्सर रोखणाऱ्या जीनच्या ज्या जागी बदल दिसतो तिथे बसायला त्याला आवडतं हेही प्रयोगात दिसलंय. पण त्याच जागेवर बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं ॲफ्लाटॉक्सिनही बसतं, त्यामुळे खवट आणि काळे पडलेले शेंगदाणे कूट करून आमटीत ढकलू नका, फेकून द्या. आणि खूप तापलेल्या तेलाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलंय, त्या धुरात एकच नाही तर पुष्कळ अल्डिहाइड आणि इतर पदार्थ असतात. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात रोज तळण करणाऱ्या बायकांचा विचार आला की मला खाणाऱ्यांपेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते. एक्झॉस्ट फॅन लावा, खरंच लावा.

रक्तात एचएनई किती आहे याची टेस्ट करून घेऊ का?

नको. नेहमीच्या तपासणीत ही टेस्ट नसते, आणि मोजायचं म्हटलं तरी नमुना काढल्यापासून काही मिनिटांत आकडा बदलतो. "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल" म्हणून कोणी पॅकेज विकत असेल तर ते पैसे लिपिड प्रोफाइल आणि शुगरवर घाला.

व्हिटॅमिन ईच्या गोळ्या घेतल्या तर?

वर लिहिलेलं वाचून कोणालाही वाटेल की ई घेतलं की खेळ खल्लास. डॉक्टरांनाही वाटलं होतं, म्हणूनच तर मोठमोठे ट्रायल झाले. २००० साली होप नावाच्या ट्रायलमध्ये रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई देऊन हृदयरोगात काही फायदा दिसला नाही. सिलेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये ३५ हजारांवर पुरुष होते, २०११ चा निकाल असा की ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त. आणि २००९ मध्ये जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना सी आणि ई च्या गोळ्या दिल्या तर व्यायामाने इन्सुलिनचा जो फायदा व्हायला हवा तो झालाच नाही, कारण शरीराला ती धोक्याची घंटा ऐकूच आली नाही. जेवणातून मिळणारं ई वेगळं, शेंगदाणे, तीळ, करडई, बदाम यातून ते येऊ द्या. गोळी डॉक्टरांनी एखाद्या कारणासाठी दिली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय बंदही करू नका.

तळणीच्या तेलात किती एचएनई होतं?

तेल, तापमान आणि वेळ, या तिघांवर सगळं अवलंबून, आणि त्यातही वेळ. मिनेसोटा विद्यापीठात सारी चलानी यांच्या गटाने सोयाबीन तेल १८५ अंशांवर तासनतास तापवून मोजलं, तर एचएनई तासागणिक वाढत गेलं, आणि तळलेल्या पदार्थात ते तेलाबरोबर शिरतं हेही दिसलं. आपलं तळणही साधारण १७० ते १९० अंशांच्या मध्येच होतं.

घरी दिवाळीला दोन तास चकल्या तळल्या आणि तेल संपवलं, हा एक प्रकार. सकाळी सातला पेटलेली कढई रात्री दहाला बंद होते, कमी झालं की वरून नवीन तेल ओततात, दुसऱ्या दिवशी तेच तेल पुन्हा, हा अगदी वेगळा प्रकार. अशा कढईजवळ एकदा नीट उभं राहून बघा. तेलाचा रंग काळपट चहासारखा, वडा सोडला की स्वच्छ मोठे बुडबुडे येण्याऐवजी बारीक फेस चढतो आणि लवकर बसत नाही, धूर कमी आचेवरच यायला लागतो, तेल झाऱ्यावरून थेंब-थेंब पडण्याऐवजी तार धरल्यासारखं ओघळतं, आणि कढईच्या काठाला पिवळा-तपकिरी चिकट थर असतो जो नखानेही निघत नाही. तो थर म्हणजे याच साखळ्या एकमेकींना जुळून झालेला एक प्रकारचा वॉर्निश आहे.

आपल्याकडे कायदाही आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल तापून खराब झाल्यावर वाढणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, आणि दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांना हिशोब ठेवावा लागतो. यात एचएनई वेगळं मोजत नाहीत, एकूण खराबी मोजतात, पण तेल खराब झालं की एचएनईसकट सगळंच वाढतं, त्यामुळे मोजमाप उपयोगाचं आहे. तेलात बुडवून मोजायचं हातातलं मीटरही मिळतं. वडापाव मलाही आवडतो आणि मी खाते, फक्त कढईकडे बघून खाते.

मग तेल कोणतं वापरायचं?

लिनोलेइक ॲसिडचा अंदाज सांगते. पारंपरिक करडई तेलात ते साधारण ७५ टक्के, सूर्यफुलात ६० च्या आसपास, सोयाबीनमध्ये ५०, शेंगदाण्यात ३० च्या आसपास, मोहरीत १५, खोबरेल आणि तुपात जेमतेम २. जितकं लिनोलेइक जास्त तितकं तापवल्यावर एचएनई जास्त, हा साधा हिशोब.

पण लगेच सूर्यफूल फेकून सगळं तुपात करू नका, हीच उडी लोक मारतात. न तापवलेलं किंवा थोडं तापवलेलं लिनोलेइक एलडीएल कमी करतं, हे खूप वर्षांच्या अभ्यासातून पक्कं झालंय, आणि ते शरीराला बाहेरूनच घ्यावं लागतं. माझ्या घरी तळायला शेंगदाणा, फोडणीला जे असेल ते, आणि भाकरीवर, चटणीवर कच्चं करडई. सोलापूरकडची आमची आजी हेच करायची, कच्चं करडई तेल शेंगदाण्याच्या चटणीवर, तळण मात्र शेंगदाणा तेलात. तिने काही लिनोलेइक मोजलं नव्हतं, पण जमलं होतं बरोबर.

जवसाचं तेल मात्र चुकूनही तापवू नका. त्यात ओमेगा-३ इतकं आहे की ते हवेवरच वाळतं, चित्रकार ऑइल पेंटमध्ये ते वापरतात ते याच गुणामुळे. जवसाची चटणी करायची तर थोडी करा आणि आठवड्याभरात संपवा.

घाण्याचं तेल घेतलं तर हा त्रास नाही ना?

घाण्याच्या तेलात व्हिटॅमिन ई आणि वास टिकतो, चवही छान. पण फॅटी ॲसिड तीच. करडई लाकडी घाण्यातून काढा नाहीतर कारखान्यातून, लिनोलेइक ७५ टक्के ते ७५ टक्केच. शिवाय रिफाइन न केलेल्या तेलाला धूर लवकर येतो. कच्चं खायला, फोडणीला उत्तम. तासभर तळायला नको.

घरात तेल खराब झालंय हे कसं ओळखायचं?

नाकाने. खवट हा आपला शब्द किती नेमका आहे बघा. दोन महिने मागे राहिलेल्या चिवड्याचा डबा उघडल्यावर जो वास येतो त्यात हेक्झॅनल आणि त्याची भावंडं असतात, एचएनई ज्या साखळीतून येतं त्याच साखळीचे ते तुकडे. वास आला म्हणजे खेळ बराच रंगलाय. (खोबऱ्याचा खवटपणा थोडा निराळा, तिथे बहुतेक वेळा फॅटी ॲसिड सुटी होतात आणि बुरशी कीटोन बनवते, कारण तुटायला लिनोलेइकच फारसं नसतं.)

तेलाची बाटली गॅसच्या शेजारी, खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. तांबं आणि लोखंड या खेळाला भयंकर वेग देतात, म्हणून कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तेल साठवायचं नाही आणि तळून उरलेलं तेल लोखंडी कढईत रात्रभर तसंच ठेवायचं नाही. गाळून, स्टीलच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात, झाकण घट्ट लावून, आणि दोन-चार दिवसांत भाजीला संपवायचं.

यावर औषध निघतंय का?

प्रयत्न चालू आहेत. अल्डिहाइड पकडून ठेवणारे आय-ड्रॉप्स कोरड्या डोळ्यांसाठी अमेरिकेत माणसांवर तपासले गेलेत. आणखी एक कल्पना मला फार सुंदर वाटते, लिनोलेइकमधल्या त्या सैल हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम बसवायचा, म्हणजे तो सहज ओढता येत नाही आणि खेळ सुरूच होत नाही. असं तयार केलेलं फॅट काही मेंदूच्या आजारांत देऊन पाहिलंय, पण औषध म्हणून मान्यता मिळण्याइतकं यश अजून नाही.

फॅटी अल्डिहाइड साफ न झाल्यामुळे होणारा जन्मजात आजार असतो का?

हो, शोग्रेन-लार्सन सिंड्रोम. १९५७ मध्ये स्वीडनच्या शोग्रेन आणि लार्सन यांनी त्याचं वर्णन केलं, उत्तर स्वीडनमध्ये ही कुटुंबं सापडली होती. यात एएलडीएच-थ्री-ए-टू नावाच्या जीनमध्ये दोष असतो, त्यामुळे लांब साखळीची फॅटी अल्डिहाइड शरीरात साचतात. मुलाची कातडी जन्मापासून जाड, कोरडी, खवल्यांची आणि खूप खाजणारी, पाय ताठर, बोलणं-शिकणं मागे. आई-बाप दोघांकडून दोषी जीन आलं तरच हा आजार होतो, दोघं वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता. नात्यात लग्न असेल तर अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नं होतात, म्हणून घरात असं मूल असेल तर पुढच्या बाळाआधी जेनेटिक कौन्सेलिंग जरूर घ्या. यात आईच्या खाण्याचा, गरोदरपणात पाळलेल्या-न पाळलेल्या कशाचाही दोष नसतो. कातडी ओलसर ठेवणं, फिजिओथेरपी, खाजेवर औषध, याने मुलाचे दिवस बरेच सुसह्य होतात.

वापरलेलं तेल टाकायचं कुठे?

सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये ते थिजतं. हॉटेल किंवा मेस चालवत असाल तर एफएसएसएआयच्या २०१८ पासूनच्या रुको योजनेत अधिकृत गोळा करणारे येऊन तेल विकत घेतात आणि त्याचं बायोडिझेल होतं. घरचं वाटीभर असेल तर पूर्ण थंड करून जुन्या वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात टाका. आणि कोणी स्वस्तात "एकदाच वापरलेलं" तेल घरी आणून देत असेल तर घेऊ नका, ते किती तास तापलंय हे ना तुम्हाला कळणार ना त्याला.